गोलकीपरच्या घरची सावड

सरूबाई : मला आदी येवढंच सांग, तू धोंडाबाईला नळावर काय म्हनालीस?

मानसी : आई, पाय धुऊन घ्या आधी. गुडघ्यापर्यंत चिखल आहे. पाणी तापवून ठेवलंय.

सरूबाई : चिखूल कुटं पळून जात न्हाई. आज बांधावर समद्या बायांम्होरं तिनं मला इचारलं, सरू, आमी तुला राबवून घेतो व्हय? रोपाची मूठ हातात तशीच ऱ्हायली. म्हनली, तुजी सून म्हनती, माज्या सासूला उद्यापास्नं लावणीला बोलवू नका.

मानसी : म्हणाले मी तसं.

सरूबाई : म्हनालीस.

मानसी : हो, आणि अजूनही म्हणेन. लावणी सुरू झाल्यापासून तुम्ही एक दिवस घरी थांबला नाहीत. आज हिरामावशीच्या खाचरात, उद्या रतनकाकूच्या, परवा अनिताच्या सासऱ्यांच्या. उजाडलं की डोक्यावर इरलं घेऊन निघालात. आणि आपल्याकडे कोण आलं सांगा. आपलं रोप पिवळं पडायला लागलंय, जाता-येता लोक बघतात. मी तुंगार्लीची, शेत नसलेल्या घरातली, मला शेतीतलं कळत नाही हे कबूल. पण सावड म्हणजे काय ते तुम्हीच मला लग्नानंतर सांगितलं होतं. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. मग ही कसली एकतर्फी सावड? म्हणून बोलले मी धोंडामावशींना. नीटच बोलले. आवाज चढवला नाही.

सरूबाई : आवाज चढवला आसतास तर बरं झालं आसतं. तू त्ये पेपरवाल्यांसंगट बोलतीस तसं गोड बोललीस. त्येचाच तिला राग आला.

मानसी : मग काय करायचं होतं? तुम्ही भिंतीला धरून उठता हल्ली. राजेंद्र कंपनीतून आला की त्याचा पहिला प्रश्न तुमच्याबद्दल, आईला तेल लावलंस का? त्याला मी सांगितलं, तू सांग आईंना, तुझं ऐकतील. तर म्हणतो, आईला घरात करमत नाही, जाऊ दे.

सरूबाई : बरोबर म्हनतोय त्यो. न्हाई करमत.

मानसी : पूर्वी करमायचं.

सरूबाई : आता न्हाई करमत. संपलं.

मानसी : म्हणजे माझ्यामुळेच ना?

सरूबाई : ह्ये काय आनि नवीन?

मानसी : आई, मी आज बोलूनच टाकते. मला वाटायला लागलंय की घरात बसलेली सून तुम्हाला बघवत नाही. आधी मी कधी पतियाळाला, कधी दिल्लीला, कधी नेटबॉलच्या मॅचसाठी परदेशात. महिना-महिना घरात नसायचे आणि तुम्ही कौतुकाने सगळ्यांना सांगत फिरायचात. आता दिवसभर घरात मी आणि लहानगा समर्थ. तुम्ही माझ्याशी धड बोलतसुद्धा नाही. सकाळी जाता, संध्याकाळी येता, जेवता, झोपता. मला वाईट वाटतं. खूप वाईट वाटतं.

सरूबाई : आसं व्हय. येडी हैस तू. सरक जरा, बसू दे मला. आन् ती बादली हिकडं घे, पाय धुता धुता सांगते. लावणी उरकल्यावर सांगनार व्हते. पन आता तू धोंडाबाईपस्तोर पोचलीस, तर ऐक.

मानसी : काय?

सरूबाई : तुजा त्यो क्यांप हाय न्हवं गणपतीच्या आदी, दिल्लीला? त्येचा मेसेज आलता तवा तू राजूला वाचून दाखवत व्हतीस. मी चुलीपशी भाकरी थापत व्हते. एशियाच्या सामन्यांसाठी बोलावलंय म्हनालीस. तुजा आवाज कसा झालता, तुला ठावं न्हाई. मला ठावं हाय. भाकर करपली माजी. आन् मंग लगीच खाली बसलीस आन् म्हनालीस, समर्थचं काय? राजू म्हनला, आई हाय की. तू म्हनालीस, आईंचे गुडघे बघितलेस का? तो आता चालायला लागलाय, उद्या पळेल, आई त्याच्या मागे कशा धावणार?

मानसी : तुम्हाला वाईट वाटेल असं बोलायचं नव्हतं मला.

सरूबाई : वाईट कशाचं? खरंच हाय ते. मला त्येच्यामागं पळायचं व्हत न्हाई. परवा त्यो गोठ्यात जाऊन म्हशीच्या आंबोणात बसलता, मी जाईपस्तोर अर्दं खाऊन झालतं. म्हून मी रातभर इचार केला. लावणीला कंबर लागती, गुडघं न्हाई लागत. आन् कंबर माजी अजून लोखंड हाय. वाकायचं मला जमतंय, पळायचं त्या बायास्नी जमतंय. मंग त्यांचं वाकायचं काम मी करीन, माजं पळायचं काम त्यांनी करावं.

मानसी : म्हणजे?

सरूबाई : म्हंजे तू क्यांपला गेलीस की रोज एक बाई हितं. सकाळपास्नं दिवेलागणीपस्तोर. आज हिरा, उद्या रतन, परवा अनिता. रातीला मी हाय, राजू हाय. म्या ज्या ज्या खाचरात वाकलेय, त्या घरचा एकेक दिस माजा हाय. आपली लावणी राजूच्या सुट्टीला मी आन् त्यो उरकू. आता पावसाच्या दिसांत बायास्नी कुटं येळ आसतो म्हनशील, तर बेणणी झाली, तण काडून झालं की कापणीच्या आदी मधी मोकळीक आसती. तुजा क्यांप नेमका त्या मधल्या दिसांत येतोय. म्या सगळं बगून ठेवलंय.

मानसी : तुम्ही माझ्या कॅम्पसाठी सावड घातलीत?

सरूबाई : मंग काय माजी हौस व्हती, दुसऱ्याच्या चिखलात उभं ऱ्हायची? सोपं न्हवतं हां ते. हिरा लगीच व्हय म्हनली. रतन म्हनली, माजी म्हस तवर व्यालेली आसंल, मी सकाळी धार काडून येईन. पन ती तुजी धोंडाबाई. तिनं माजा जीव खाल्ला. म्हनती, लावणीच्या दिसाला लावणीच द्यायाची आसती, ह्यो आपला आजवरचा रिवाज हाय. लेकरू मांडीवर घेऊन बसायचं म्हंजे सरू, मी तुला फसवल्यावानी व्हईल. म्या म्हनलं, बाई, माजा नातू एक दिस सांभाळून बग, मंग ठरव कोण कुणाला फसवतंय. तर म्हनली, मंग मी दोन दिस येते. आन् त्या बाईला तू सकाळी जाऊन म्हनालीस, माज्या सासूला राबवून घेऊ नका.

मानसी : अरे देवा.

सरूबाई : आता देवाला बोलवून काय उपेग. उद्या तिच्या घरी जा, चा पी, काय म्हनायचं ते म्हन. आन् समर्थला संगट ने. त्येची तिच्याशी वळख हुंदे.

मानसी : आई, तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं.

सरूबाई : आदी सांगितलं आसतं तर तू मला जाऊ दिलं आसतं व्हय? तूच म्हनाली आसतीस, नको आई, माझ्यासाठी नको. तुजं सगळं बोलणं मला पाठ हाय. काय झालं? आशी का बगतीस?

मानसी : मी कोच मॅडमना नाही सांगितलंय.

सरूबाई : काय न्हाई सांगितलं?

मानसी : नाही म्हणून सांगितलं. काल दुपारी फोन केला. म्हटलं, बाळ लहान आहे, घरी बघायला कोणी नाही, मी कॅम्पला येत नाही. आता खेळणंच थांबवायचं म्हणतेय.

(आत झोळीत समर्थ चाळवतो आणि पुन्हा झोपतो.)

सरूबाई : बगायला कोणी न्हाई.

मानसी : मला माहीत नव्हतं आई.

सरूबाई : ठावं न्हवतं ते खरं. पन आता ठावं झालं. मंग लाव फोन. अजून उजेड हाय, बाई जागी आसंल. सांग तिला, घरी बगायला अर्दं बेडसं गाव हाय.

मानसी : राहू दे आता.

सरूबाई : का ऱ्हाऊ दे?

मानसी : एकदा नाही म्हटलं की म्हटलं. बरं दिसत नाही. त्यांनी दुसरी मुलगी बघितली असेल. आणि समर्थ खरंच लहान आहे. त्याला ताप-बिप आला तर? तो नव्या माणसाकडे जेवत नाही. शिवाय राजेंद्रची पाळी बदलतेय, त्याला बेगडेवाडीच्या कंपनीतून यायला उशीर...

सरूबाई : मानसी.

मानसी : काय?

सरूबाई : येवढ्या सगळ्या गोष्टी येका दमात सांगायला लागलीस म्हंजे यातली येक बी खरी न्हाई. मला शिकवू नगंस. मला राजूच्या आदी दोन पोरी झाल्यात, त्या बी आशाच बोलायच्या. खरं काय हाय?

मानसी : काही नाही.

सरूबाई : बरं, काही न्हाई तर काही न्हाई. मी बसलेय. पाय धुवून झालं, आज काय दुसरं काम न्हाई.

मानसी : पुण्याला ट्रायलची मॅच झाली ना, मागच्या महिन्यात. तुम्ही समर्थला घेऊन बाहेर झाडाखाली बसला होता.

सरूबाई : व्हय. त्येनं माजी चप्पल गटारात टाकली.

मानसी : तिथे हरियाणाची एक पोरगी होती. गोल करणारी, शूटर. माझ्यापेक्षा कितीतरी लहान, उंच, हात हे असे लांब. मी गोलकीपर, तिच्यासमोर रिंगखाली. बॉल तिच्याकडे आला की मी तीन फुटांवर उभी, हात वर. हे मी झोपेतसुद्धा करते आई. बॉल सुटला की उडायचं, बोटांनी नुसता तिरका करायचा. मी उडले. आणि मला उडतानाच कळलं की उशीर झाला. बॉल माझ्या बोटांवरून गेला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. अंग जड झालंय. डोकं सांगतं आता, आणि पाय नंतर ऐकतात. आधी असं नव्हतं. मॅच संपल्यावर मी कपडे बदलत होते, पलीकडे दोन मुली बोलत होत्या. म्हणाल्या, दीदींचं आता झालं. चेष्टेने नाही म्हणाल्या. त्यांना माझी कीव येत होती. चेष्टा केली असती तर मी भांडले असते.

सरूबाई : तरी तुला बोलावलंच की.

मानसी : तेच ना. मला वाटतं, उपकार म्हणून बोलावलंय. इतकी वर्षं खेळली, एकदा कॅम्पला बोलवू, मग शेवटच्या निवडीत सोडू. कॅम्पला जितक्या जातात तितक्या टीममध्ये राहत नाहीत. मला काढतील आई. आणि मग मी कामशेतला उतरणार, त्या फाट्यावर जिथे माझा एवढा मोठा फ्लेक्स लावला होता, तिथून रिक्षात बसणार आणि गावात येणार. सगळे विचारणार, काय गं, लवकर आलीस? त्यापेक्षा बाळासाठी सोडलं म्हटलं की सगळे माना डोलावतात. माझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, शहाणी पोरगी. मॅडमसुद्धा फोनवर म्हणाल्या, मी समजू शकते.

सरूबाई : म्हंजे माज्या नातवाच्या माथ्यावर मारलंस.

मानसी : असं नका बोलू.

सरूबाई : मंग कसं बोलू? त्यो तिकडं झोळीत निजलाय, त्येला काय बी ठावं न्हाई. उद्या मोठा व्हईल. जो भेटंल त्यो त्येला सांगंल, तुजी आय भारताकडनं खेळायची, तुज्यासाठी सोडलं बरं का तिनं. साळंत सांगतील, लगनात सांगतील. त्या पोरानं काय केलंय गं तुजं? त्येनं कवा म्हनलं, सोड म्हून? भ्या तुला वाटतंय आन् वजं त्येच्यावर. ह्ये मला न्हाई पटत. दुसरं काय बी सांग, पटवून घेईन.

मानसी : मला भीती वाटते हे खरं आहे.

सरूबाई : वाटू दे की. तू म्हन, मला भ्या वाटलं म्हून मी सोडलं. मी समद्या गावाला सांगीन, माजी सून भ्याली, गप बसा. पन पोराचं नाव घ्यायचं न्हाई.

मानसी : तसं सांगायला नाही जमणार मला.

सरूबाई : मंग जा.

मानसी : आणि काढलं तर?

सरूबाई : काढलं तर घरी यायचं. दुसरं कुटं जानार? तांदूळ हाय घरात. आन् रिक्षात कशाला बसतीस, राजूला फोन कर, गाडी घिऊन येईल. कुनी इचारलं, लवकर कशी आलीस, तर सांग, काढलं म्हून आले. त्यात काय लाजायचं? तू चोरी केलीस का?

मानसी : तुम्हाला सोपं वाटतं.

सरूबाई : न्हाई बाय, सोपं न्हाई वाटत. मला तुजा खेळ बी धड कळत न्हाई. तू सिंगापूरला गेलतीस तवा समाजमंदिराच्या भिंतीवर दाखवलतं न्हवं? आमी समद्या बाया गेलतो. धोंडाबाई सगळ्यात म्होरं. खेळ संपला तवा समद्यांचं त्वांड उतरलं. मी बी रडकुंडीला आले. इतक्या लांब इमानातनं गेली आन् पोरीनं येक बी गोल केला न्हाई. धोंडाबाई म्हनली, जाऊ दे सरू, पोरीला बरं नसंल. मंग राजूनं सांगितलं, आई, तिला गोल टाकायची परवानगीच न्हाई. तिचं काम दुसरीचा गोल अडवायचं, त्ये बी तिच्या अंगाला हात न लावता. ती तर लय भारी खेळली.

मानसी : हे मला कोणी सांगितलंच नाही.

सरूबाई : तुला काय सांगायचं, आमची अक्कल? पन मी घरी येऊन पुन्ना बगितलं, राजूच्या मोबाइलवर. या खेपंला चेंडू सोडला आन् नुसती तुज्याकडं बगत बसले. ती पोरगी रिंगकडं तोंड करून उभी आन् तू तिच्याम्होरं हात वर करून. हालत न्हाईस, शिवत न्हाईस, पन ती घाबरलेली दिसत व्हती. मला लय आवडलं ते. म्हनलं, ही माजी सून हाय. हिनं येकडाव उभं ऱ्हायचं ठरवलं तर समोरचीला घाम फुटतो. आता तूच म्हनतीस, मी येकडाव उशिरा उडाले, म्हून आता हातच वर करणार न्हाई.

मानसी : एकदा नाही आई. त्या दिवशी सारखंच.

सरूबाई : बरं, सारखंच. बाळंत झाल्यावर मी पयल्यांदा लावणीला गेले तवा मला बी वाटलं, ह्ये हात माजे न्हाईत. रोप येकीकडं आन् माजा हात येकीकडं. सासू म्हनली, ऱ्हाऊ दे, घरी बस. मी न्हाई बसले. हळूहळू आलं. तुजं बी येईल, न्हाई आलं तर न्हाई. पन त्ये तुला दिल्लीत कळंल, हितं बसून कसं कळनार?

मानसी : रोज पळायला लागेल मला. अजून वेळ आहे थोडा. बेडशाच्या लेण्यांच्या पायऱ्या आहेत, रोज पहाटे चढले तर पाय सुटतील.

सरूबाई : चढ की. मी हाय तवर त्येच्यापशी.

मानसी : आणि मॅडम नाही म्हणाल्या तर?

सरूबाई : तर बी फोन करायला लागनारच. काल जे म्हनालीस त्ये खोटं व्हतं, त्ये तरी दुरुस्त कर. बसते मी हितंच. नीट बोल. धोंडाबाईशी बोललीस तसं गोड नगं.

मानसी : हॅलो, मॅडम? मानसी बोलतेय. हो, बेडशाहून. आवाज येतोय का? ... नाही, सगळे बरे आहेत. बाळ झोपलंय. मॅडम, मी काल तुम्हाला जे सांगितलं ना, बाळाला बघायला कोणी नाही म्हणून, ते खरं नव्हतं. ... नाही, मला कुणी काही बोललं नाही. मलाच भीती वाटली. त्या ट्रायलनंतर. मला वाटलं मला काढतील, आणि काढण्याआधी मीच सोडलं तर बरं. ... हो. ... हो मॅडम, माझंच चुकलं. ... नाही, अजून गेली नाही भीती. पण मला यायचंय. जागा अजून असेल तर मी येते. ... हो. ... हो, ऐकतेय. ... कळलं. ... नाही मॅडम, त्याची काळजी नको. माझ्या सासूबाईंनी सगळं लावून ठेवलंय. ... ते मी आल्यावर सांगते, लांबलचक आहे. ठेवते.

सरूबाई : काय म्हनली?

मानसी : म्हणाल्या, माझ्या पंचवीस वर्षांच्या कोचिंगमध्ये घाबरले असं सांगणारी तू पहिलीच. त्यांनी अजून दुसरं नाव दिलेलं नव्हतं. पण म्हणाल्या, टीममध्ये घेण्याचा शब्द मी देणार नाही. ती हरियाणाची मुलगी पण कॅम्पला आहे, रोज तुझ्यासमोर तीच असेल. जमलं तर राहशील, नाही जमलं तर परत जाशील.

सरूबाई : खरं बोलली. बरी बाई दिसती. म्हंजे जायाचं?

मानसी : जायचं.

सरूबाई : रडतीस कशाला मंग?

मानसी : माहीत नाही. बरं वाटतंय.

सरूबाई : मंग रड. आन् आज रातीपास्नं समर्थला माज्याजवळ निजव, त्येचं रातीचं दूध तुटलं पायजे. चार दिस गळा काडंल त्यो. तुला आतल्या खोलीत समदं ऐकू येईल. पन उठून घ्यायला येऊ नगंस.